राजाच्या जाकिटापासून कोल्हापुरी वहाणेपर्यंत

दरवर्षीं जानेवारी व जून या दोन महिन्यांत फ्लॉरेन्स, मिलान आणि पॅरिस या शहरीं पुरुषांच्या पोषाखांचीं प्रदर्शनें भरतात. जानेवारींत पुढल्या हिवाळ्याचे आणि जूनमध्यें पुढल्या वर्षाच्या वसंत-ग्रीष्माचे कपडे सडपातळ तरुणांच्या अंगावर घालून एका लांबट वाटेवरून मिरविले जातात. दोन्ही बाजूंस खरेदीदार, वार्ताहर आणि छायाचित्रकार बसलेले असतात, आणि कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा निकाल थोड्या मिनिटांत लागतो. दुसऱ्या दिवशींच्या परीक्षणांत दोन विशेषणें हटकून आढळतात. कांहीं पोषाख 'धाडसी' ठरतात, तर कांहीं 'अभिजात'. वाचणाऱ्याची अशी समजूत होते कीं, हे दोन स्वतंत्र पंथ असून त्यांचें परस्परांशीं हाडवैर आहे. एकांत तरुण, उच्छृंखल व क्षणजीवी असें सारें आलें, आणि दुसऱ्यांत प्रौढ, संयमी व चिरस्थायी असें सारें. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा भेद मान्य करणें जड जातें. पुरुषी पोषाखाचा गेल्या साडेतीनशें वर्षांचा वृत्तांत चाळला, तर ज्याला आज आपण अभिजात म्हणतों तें बहुतेक सारें आपापल्या काळीं धाडसच होतें असें दिसून येतें. एखाद्या वस्तूला यांपैकीं कोणतें नांव मिळावें हें तिच्या अंगच्या गुणांपेक्षां ती कोणाच्या अंगावर आहे, आणि नांव देण्याचा अधिकार कोणाच्या हातीं आहे, यांवरच अधिक अवलंबून असतें. प्रस्तुत लेखांत हीच गोष्ट कांहीं प्रसंगांच्या आधारें दाखवावयाची आहे.

आरंभ एका राजापासून करूं. इ. स. १६६५ त लंडनवर प्लेगचा घाला आला आणि पुढल्याच वर्षीं सप्टेंबरांत मोठ्या आगीनें शहराचा गाभा भस्म केला. फ्रान्स व हॉलंड यांच्याशीं युद्ध चालू, तिजोरी रिकामी, आणि दरबारी मंडळी मात्र फ्रेंच तऱ्हेच्या फिती, लेस व झालरी यांवर पैसा उधळीत आहेत, अशी स्थिति होती. अशा वेळीं दुसऱ्या चार्ल्स राजानें ७ ऑक्टोबर १६६६ रोजीं आपल्या मंत्रिमंडळापुढें जाहीर केलें कीं, आपण एक नवा पोषाख सुरू करणार असून तो कधींहि बदलणार नाहीं. सरदारांना काटकसर शिकविणें हा त्यामागील हेतु असल्याचें सॅम्युएल पीप्स यानें आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. पीप्स हा शिंप्याचा मुलगा. कपड्यांच्या बाबतींत त्याची नजर सहसा चुकणारी नव्हे. आठवड्याभरानें राजानें तो पोषाख अंगावर चढविला. काळ्या कापडाचें, अंगाबरोबर बसणारें लांब जाकीट, त्याच्या चिरांमधून डोकावणारें पांढरें रेशीम, आणि वरून कोट, असें त्याचें स्वरूप होतें. जॉन एव्हलिन या दुसऱ्या रोजनिशीकारानें ही तऱ्हा इराणी असल्याचें स्पष्ट लिहिलें आहे. राजा हा निश्चय पाळणार नाहीं, अशा पैजाहि दरबाऱ्यांनीं मारल्या.

पैज मारणाऱ्यांना फार दिवस थांबावें लागलें नाहीं. पोषाख चढवून दोन दिवस होतात न होतात तोंच, पांढऱ्या रेशमामुळें आपण सारे काळ्यापांढऱ्या मॅगपाय पक्ष्यासारखे दिसतों असें राजाला वाटूं लागलें, आणि त्यानें साध्या मखमलीचें दुसरें जाकीट शिवावयास सांगितलें. पुढें नोव्हेंबरांत पीप्सच्या कानीं एक वार्ता आली. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजानें या नव्या पोषाखाची टर उडविण्यासाठीं आपल्या हुजऱ्यांना तसलींच जाकिटें चढविलीं आहेत, अशी ती वार्ता. ती खरी असो वा नसो, तिच्यांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. जें वस्त्र एका राजाच्या अंगावर काटकसरीचें व प्रतिष्ठेचें चिन्ह होतें, तेंच दुसऱ्या राजाच्या नोकराच्या अंगावर थट्टेचा विषय होऊं शकलें. जाकीट तेंच, कापडहि तेंच. बदलला तो फक्त आंतला मनुष्य. असो. त्या जाकिटाची लांबी पुढें घटत घटत कमरेपर्यंत आली, बाह्याहि गेल्या. परंतु कोट, जाकीट व विजार ही जी त्रयी त्या वेळीं जुळली ती आजतागायत टिकून आहे. कधींहि न बदलण्याची प्रतिज्ञा राजाला दोन दिवस पाळतां आली नाहीं. पण त्या प्रतिज्ञेंतून निघालेल्या पोषाखाचा सांगाडा साडेतीनशें वर्षें टिकला. आज ज्याला अत्यंत अभिजात समजतात त्या तीन कपड्यांच्या सुटाचा जन्म हा असा आहे.

तथापि चार्ल्सच्या नंतरहि शंभरावर वर्षें युरोपांतील श्रीमंत पुरुष रेशीम, जर, पावडर लावलेले केसांचे टोप आणि उंच टांचांचे जोडे यांत मिरवीतच होता. आज आपण ज्याला बायकी नटवेपणा म्हणूं तो तेव्हां पुरुषी वैभवाचा भाग होता. या वैभवाला पहिला मोठा धक्का फ्रान्समध्यें बसला. मे १७८९ मध्यें व्हर्साय येथें तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा भरली, तेव्हां सरदारांनीं जरीचे पोषाख व पिसांच्या टोप्या घालाव्या आणि सामान्य जनांच्या प्रतिनिधींनीं साधा काळा पोषाख करावा, असा दंडक घालून देण्यांत आला. उद्देश उघड होता. पायरी कोणाची कोणती हें लांबून ओळखूं यावें. परंतु थोड्याच दिवसांत इतिहासाचें पारडें फिरलें. काळ्या कपड्यांतील माणसें राष्ट्र म्हणून उभीं राहिलीं, आणि जरीचे कपडे अंगावर असणें धोक्याचें झालें. ऑक्टोबर १७९३ मध्यें फ्रेंच विधिमंडळानें ठराव केला कीं, कोणत्याहि स्त्री-पुरुषास विशिष्ट पोषाख करण्याची सक्ति कोणीं करूं नये. हीनतेची खूण म्हणून दिलेला काळा रंग एकोणिसाव्या शतकांत वकील, व्यापारी, डॉक्टर आणि प्रधान यांच्या प्रतिष्ठेचा रंग झाला, हा इतिहासाचा एक मोठा विनोदच म्हणावयाचा.

इंग्लंडमध्यें हेंच परिवर्तन क्रांतीवांचून, आणि एका अशा माणसाच्या हातून झालें कीं ज्याला उद्योग म्हणून कोणताच नव्हता. जॉर्ज ब्रायन ब्रमेल याचा जन्म १७७८ चा. त्याचा आजा घरकामाच्या चाकरींतून वर आलेला, आणि बाप लॉर्ड नॉर्थ या प्रधानाचा चिटणीस. ईटनला शिक्षण, युवराजाच्या पलटणींत थोडी नोकरी, आणि नंतर लंडनांत स्वतंत्र बिऱ्हाड, एवढेंच त्याचें चरित्र. परंतु त्यानें रेशीम व जर टाकून गडद निळ्या लोकरीचा नीट बेतलेला कोट, फिकट रंगाची विजार आणि खळ दिलेला पांढराशुभ्र गळपट्टा एवढ्यावरच भागविलें. केसांना पावडर लावणें सोडलें, आणि रोज स्नान करून धुतलेलीं आंतलीं वस्त्रें घालण्याचा परिपाठ ठेवला. आपणांस यांत कांहींच विशेष वाटणार नाहीं. पण ज्या समाजांत अत्तरानें स्नानाचें काम भागत असे, तेथें ही गोष्ट बंडासारखीच होती. कापडाची किंमत मागें पडली आणि बेताची कसोटी पुढें आली. कोट अंगाला कसा बसतो, खांद्यावर चुणी पडते कीं नाहीं, एवढ्यावरून मनुष्याची पारख होऊं लागली. सरदारांच्या मुलांनीं चाकराच्या नातवाचें अनुकरण केलें. पुढें १८१६ त कर्जापायीं ब्रमेल कॅले येथें पळाला आणि १८४० मध्यें कां या गांवच्या वेड्यांच्या रुग्णालयांत निवर्तला. ज्या पुरुषानें इंग्रजी सभ्य गृहस्थाचा गणवेश ठरविला त्याला स्वतःला त्या गणवेशांत नीटपणें मरतांहि आलें नाहीं.

या सर्व स्थित्यंतराला जे. सी. फ्लुगेल या मानसशास्त्रज्ञानें १९३० सालीं आपल्या ग्रंथांत 'पुरुषाचा महान त्याग' असें नांव दिलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषानें सुंदर दिसण्यावरील आपला हक्क सोडला आणि केवळ उपयुक्त असण्यावर समाधान मानलें, असें त्याचें म्हणणें. समता व उद्योग यांचें माहात्म्य वाढल्यावर भपका लाजिरवाणा ठरला, हें त्यानें दिलेलें कारण पटण्यासारखें आहे. मात्र या त्यागाला एक दुसरीहि बाजू आहे. पुरुषानें टाकलेली सजावट नाहींशी झाली नाहीं. ती घरांतील स्त्रियांच्या अंगावर गेली. नवरा काळ्या कोटांत साधा राहिला, आणि त्याच्या मिळकतीची जाहिरात करण्याचें काम बायकोच्या रेशमाकडे व दागिन्यांकडे आलें. शिवाय या साधेपणाचाहि पुढें जाच होऊं लागला. ताठ कॉलर आणि गळ्याशीं आवळलेला टाय यांतून पुरुषांची सुटका करावी म्हणून १९२९ सालीं लंडनांत एक सुधारक मंडळ निघालें. फ्लुगेल स्वतः त्यांत होता. उघडा गळा व आंखूड विजार घालणाऱ्या या सभासदांची लोकांनीं यथेच्छ थट्टा केली, आणि मंडळ कांहीं वर्षांत मावळलें. आज उन्हाळ्यांत त्यांच्याच तऱ्हेचे कपडे सारें जग घालतें, आणि त्यांत कोणाला धाडस दिसत नाहीं.

पुरुषांच्या पोषाखांचीं ऋतुवार प्रदर्शनें हा या कथेचा अगदीं अलीकडचा भाग आहे. स्त्रियांच्या पोषाखांचीं संचलनें पॅरिसमध्यें पूर्वींपासून होत. पुरुषानें मात्र शिंप्याकडे जाऊन माप द्यावें, त्यानें कपड्यासाठीं कोणापुढें मिरवूं नये, असा संकेत होता. हा संकेत इटलीनें मोडला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाला परकीय चलनाची निकड होती, आणि हातचें कौशल्य हेंच त्याच्याजवळ विकण्याजोगें भांडवल होतें. जोव्हान्नी बात्तिस्ता जोर्जीनी या गृहस्थानें १९५१ त फ्लॉरेन्स येथें आपल्या घरीं अमेरिकन खरेदीदारांना बोलावून इटालियन पोषाख दाखविले. पुढल्या वर्षीं हीं प्रदर्शनें पित्ती राजवाड्याच्या शुभ्र दालनांत भरूं लागलीं; आणि त्याच वर्षीं, म्हणजे १९५२ सालीं, रोमच्या ब्रियोनी या शिवणगृहानें तेथें पुरुषांचे कपडे पुरुषांच्या अंगावर घालून मिरविले. पुरुषी पोषाखांचें हें पहिलें संचलन मानतात. १९७२ पासून फ्लॉरेन्सांतच खास पुरुषांच्या कपड्यांचा मोठा बाजार भरूं लागला, आणि तो अद्याप चालू आहे. या संचलनांचें अर्थकारण समजून घेतलें म्हणजे 'धाडसी' व 'अभिजात' यांचें भांडण किती लटकें आहे हें कळतें. दाखविलेला माल दुकानांत सहा महिन्यांनीं यावयाचा असतो. अचाट पोषाख छायाचित्रकारांसाठीं असतात. त्यांच्यामुळें नांव होतें. दुकानांत त्यांचीच सौम्य केलेली आवृत्ति आणि नेहमींचे कोट-विजारी खपतात. एक दुसऱ्याची जाहिरात करतो आणि दुसरा पहिल्याचा खर्च भागवितो; दोघे एकाच दुकानाचे भागीदार.

या भागीदारींतूनच गेल्या साठसत्तर वर्षांतील सारे बदल घडले आहेत. मूळचा इटालियन असलेल्या पिएर कार्दँ यानें १९६० सालीं पॅरिसमध्यें पुरुषांचा पहिला संच सादर केला, तेव्हां धंदेवाईक तरुणांऐवजीं त्यानें विद्यार्थ्यांनाच कपडे घालून आणलें. त्याच्या कोटाला कॉलरच नव्हती. तीन वर्षांनीं तसल्याच बिनकॉलरी कोटांत बीटल्स हे गायक सर्वत्र झळकले, आणि शाळकरी मुलेंहि तसा कोट मागूं लागलीं. १९६९ च्या फेब्रुवारींत टॉमी नटर या तरुणानें लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या जुन्या गल्लींत दुकान थाटलें. पडदे लावलेल्या खिडक्यांच्या त्या गल्लींत यानें खिडक्या उघड्या ठेवल्या, कोटाचे पुढचे पट्टे विलक्षण रुंद केले, पण बेत व शिवण मात्र त्या गल्लीच्या परंपरेप्रमाणें अगदीं काटेकोर ठेवली. त्याच वर्षींच्या बीटल्सच्या प्रसिद्ध तबकडीच्या वेष्टनावर रस्ता ओलांडणाऱ्या चौघांपैकीं तिघांच्या अंगावर त्याचेच कपडे आहेत. जोर्जिओ आर्मानी यानें १९७५ त मिलानमध्यें आपला धंदा सुरू केला आणि कोटाच्या आंतलें घोड्याच्या केसांचें ताठ कापड, खांद्यांतील भर व अस्तर हीं कमी करीत नेलीं. जुन्या शिंप्याच्या दृष्टीनें असा कोट अर्धवट शिवलेलाच! परंतु १९८० सालच्या एका अमेरिकन बोलपटानें तो जगभर पोंचविला, आणि २०२५ मध्यें आर्मानी वारला तेव्हां अभिजाततेचा आचार्य म्हणूनच त्याचा गौरव झाला. पन्नास वर्षांत बंडखोराचा आचार्य झाला. कोट मात्र फारसा बदलला नव्हता.

येथवर युरोपाची कथा झाली, आणि तींत धाडसाचें अभिजातांत रूपांतर होण्यास काळ तेवढा लागतो असें वाटण्याचा संभव आहे. परंतु केवळ काळ पुरत नाहीं. मनुष्य कोण, हेंहि पाहिलें जातें. याचें उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. १८८८ त लंडनला गेलेल्या गांधींनीं हौसेनें इंग्रजी सूट व उंच हॅट खरेदी केली होती. सप्टेंबर १९२१ मध्यें मदुरेस त्यांनीं तोकडा पंचा पत्करला. त्या त्यागाचें माहात्म्य सर्वांस ठाऊक आहे. पण ज्याला वस्त्र वापरण्याचीच मोकळीक नव्हती त्यानें काय टाकावयाचें? गांवोगांवीं अस्पृश्य मानलेल्या मंडळींनीं कसलें कापड नेसावें, कोणत्या धातूचे दागिने घालावे, हें रूढीनें ठरवून दिलेलें होतें. व्हर्सायच्या दंडकाचाच हा अधिक कठोर व अधिक दीर्घायुषी अवतार. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें स्त्रियांपुढें बोलतांना बाबासाहेब आंबेडकरांनीं लुगडें नेसण्याच्या तऱ्हेवर व दागिन्यांवर भर दिला, आणि ज्यांवरून जात ओळखूं येते त्या खुणा टाकून देण्यास सांगितलें. त्यांचा स्वतःचा सूट याच दृष्टीनें पाहिला पाहिजे. न्यूयॉर्क व लंडन येथील विद्यापीठांत तो सूट कोणाच्याहि नजरेंत भरला नसता, इतका तो नेहमींचा. तोच सूट महाराष्ट्रांतील गांवाच्या वेशींत शिरतांच शतकांच्या रूढीला दिलेलें आव्हान झाला. आज चौकाचौकांत उभ्या असलेल्या निळ्या सुटांतील पुतळ्यांकडे पाहून ज्यांना तो परकीय पोषाख खटकतो, त्यांनीं ब्रमेलच्या निळ्या कोटाची गोष्ट आठवावी. चाकराच्या नातवानें ठरविलेला तो पोषाख. ज्याला जन्मानें कमी लेखलें त्याच्या अंगावर तो जितका शोभतो तितका दुसऱ्या कोणाच्या अंगावर शोभत असेल असें मला वाटत नाहीं.

याच्या अगदीं उलट प्रवास अलीकडे दुसऱ्या एका वस्तूनें केला. जून २०२५ मध्यें मिलान येथें प्राडा या प्रसिद्ध पेढीच्या पुरुषी पोषाखांचें संचलन झालें, आणि त्यांतील तरुणांच्या पायांत आपल्या कोल्हापुरी वहाणांसारख्या, अंगठ्याच्या व वेणीच्या चामडी वहाणा दिसल्या. वर्णनांत मात्र कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें कातडें, हातानें कापलेला तळ, हातानें घातलेली वेणी, अशी ही कारागिरी कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडील कर्नाटकांतल्या कांहीं जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. २०१९ सालीं तिला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षणहि मिळालें आहे. साहजिकच महाराष्ट्रांत मोठा क्षोभ झाला. कारागिरांच्या वतीनें पत्रें गेलीं. पेढीनें या वहाणांची प्रेरणा भारतीय हस्तकलेंतून घेतल्याचें मान्य केलें. आणि वर्ष संपण्यापूर्वीं महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशीं करार करून सुमारें २,००० जोड येथील कारागिरांकडून करवून घेण्याची योजना जाहीर झाली. कोल्हापूरच्या पेठेंत कांहीं शें ते कांहीं हजार रुपयांस मिळणारी वस्तु तेथें याच्या कित्येक पट किंमतीस विकावयाची होती.

या प्रकरणांत उसनवारी झाली एवढ्याचाच संताप करणें माझ्या मतें बरोबर नाहीं. पोषाखाचा सारा इतिहास उसनवारीचाच आहे. इंग्लंडच्या राजानें इराणी तऱ्हा उचलली नसती तर सुटाचा जन्मच झाला नसता. पण त्या जाकिटाला 'इराणी' म्हणून लिहून ठेवणारा एक एव्हलिन तरी होता. ऋण घेणें हा दोष नव्हे, तें खातेवहींत न लिहिणें हा दोष. आणि आपल्याहि खातेवहींत एक जुनी नोंद राहून गेली आहे. मिलानमध्यें कोल्हापूरचें नांव घेतलें गेलें नाहीं म्हणून आपण रागावलों, तें ठीकच झालें. पण ज्या चर्मकार व ढोर मंडळींच्या घरांत कातडें कमावलें जातें, वहाणा शिवल्या जातात, आणि जेथील स्त्रिया पापणी न लववितां वेणी गुंफतात, त्यांना आपण किती काळ उंबऱ्याबाहेर उभें केलें? वहाण पायांत चालली. ती करणारा हात मात्र शिवून घ्यावयाचा नव्हता. परदेशांतील पेढीनें कारागिराचें नांव गाळलें तें एकदां. आपण तें पिढ्यान्‌पिढ्या गाळीत आलों आहों.

पुढल्या जानेवारींत पुन्हां प्रदर्शनें भरतील, पुन्हां 'धाडसी' आणि 'अभिजात' हे शब्द छापले जातील, आणि आपल्या घरांतील तरुण मंडळी तीं छायाचित्रें आवडीनें पाहतील. त्यांनीं तीं अवश्य पाहावीं. सुंदर दिसण्याची हौस पुरुषाला असूं नये असें मीं तरी म्हणणार नाहीं. फक्त पाहतांना दोन प्रश्न मनांत ठेवावे, एवढीच विनंति आहे. हें वस्त्र प्रथम कोणीं घातलें, आणि घातल्याबद्दल त्याला काय सोसावें लागलें? आणि हें केलें कोणीं, व त्याच्या पदरांत काय पडलें? अंगावरच्या कोटाबद्दल आणि दारांत काढून ठेवलेल्या वहाणेबद्दल हेच प्रश्न ज्यानें घरीं विचारले, त्याला तीं छायाचित्रें अधिक नीट वाचतां येतील.